लेखी कारण द्या : पुस्तकबंदी, ग्रंथालय आणि वाचकाचा हक्क

६ एप्रिल १९१९ ची संध्याकाळ. मुंबईत गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून फिरून पुस्तके विकत होते. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाचा तो दिवस होता आणि विक्रीला काढलेली पुस्तके होती ‘हिंद स्वराज्य’ आणि ‘सर्वोदय’. दोन्ही गांधीजींची आणि दोन्हींवर सरकारची बंदी. प्रतीची किंमत चार आणे होती, पण लोक खिशात असेल ते देऊन पुस्तक घेत होते. अटक होईल या तयारीने सगळे बाहेर पडले होते. सरकारने मात्र पुढे पवित्रा घेतला, की बंदी जुन्या आवृत्तीवर होती, विकली गेली ती नवी आवृत्ती. तेव्हा गुन्हा झालाच नाही.

सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथही त्या वेळी बंदीतच होता. १९०९ मध्ये घातलेली ती बंदी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने १९४६ मध्ये उठवली. गांधी आणि सावरकर यांचे फारसे कशावर पटले नाही, पण दोघांच्याही वाचकाला एकाच सरकारने अडवले होते. त्या सरकारने जप्त केलेल्या पुस्तकांच्या प्रती लंडनमध्ये ग्रंथालयात जपून ठेवल्या, त्यांची सूचीही पुढे छापली गेली. आज स्वातंत्र्यलढ्यातल्या जप्त साहित्यावर संशोधन होते ते अशा जपलेल्या प्रतींमुळे.

सरकारी बंदी हा निदान एक कागद असतो. त्यावर तारीख असते, सही असते, कारण द्यावे लागते, आणि म्हणून तो कोर्टात नेता येतो. आपल्या गावच्या वाचनालयातून पुस्तक नाहीसे होते तेव्हा असा कोणताच कागद नसतो. वाचकाच्या हक्काचा खरा प्रश्न मला तिथे दिसतो.

कायदा काय म्हणतो

पुस्तके सरकारजमा करण्याचा अधिकार फौजदारी कायद्यात १९२२ मध्ये आला. १९१० चा प्रेस ॲक्ट रद्द करताना इंग्रज सरकारने तो फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९९-अ म्हणून बसवून घेतला. स्वातंत्र्यानंतर तो गेला नाही. १९७३ च्या संहितेत तो कलम ९५ झाला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९८ म्हणून आहे.

या कलमानुसार राज्य सरकारला एखाद्या पुस्तकात ठरावीक गुन्ह्यांचा मजकूर आहे असे वाटले, तर ते अधिसूचना काढून त्याच्या सगळ्या प्रती सरकारजमा करू शकते. दोन समाजांत वैर पसरवणे, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे, अश्लीलता असे हे मोजके गुन्हे आहेत. अधिसूचनेत सरकारने आपल्या मताची कारणे नमूद केलीच पाहिजेत. ती निघाल्यावर पोलिसांना प्रती जप्त करता येतात आणि झडतीसाठी दंडाधिकारी वॉरंट देऊ शकतात.

त्यापुढचे कलम ९९ वाचकाच्या कामाचे. या आदेशाशी ज्याचा हितसंबंध आहे अशी कोणतीही व्यक्ती दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तिथे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ प्रकरण ऐकते. एका पुस्तकासाठी तीन न्यायमूर्ती बसवावेत, इतके वजन कायद्याने या निर्णयाला दिले आहे.

या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचे कलम १९ आहे. त्यात बोलण्या-लिहिण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि त्यात माहिती मिळवण्याचा हक्कही येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट केले. लेखकाला लिहिण्याचा हक्क आणि वाचकाला वाचण्याचा हक्क एकाच कलमातून येतात. त्यावर निर्बंध घालता येतात, पण संविधानात दिलेल्या कारणांसाठीच आणि वाजवी असतील तेवढेच.

कारण न देणाऱ्या आदेशांचे काय झाले

१९६१ मध्ये हरनाम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा आदेश रद्द केला, कारण त्यात कारणेच दिली नव्हती. तेच राज्य आठ वर्षांनी पुन्हा त्याच वाटेने गेले. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाचा हिंदी अनुवाद, ‘सच्ची रामायण’, ललई सिंह यादव यांनी प्रसिद्ध केला होता. १९६९ मध्ये तो सरकारजमा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने अपील फेटाळले. देशात तेव्हा आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आणि तरीही एका पुस्तकाच्या बाबतीत न्यायालयाने सरकारला सांगितले, की कारण लिहिल्याशिवाय जप्ती नाही.

महाराष्ट्रातले प्रकरण जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचे. ते २००३ मध्ये आले. त्यातल्या काही मजकुराने असंख्य लोकांचे मन दुखावले आणि ते दुखणे खोटे नव्हते. प्रकाशकाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुस्तक भारतातून मागे घेतले. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. लेखकाने तिथे अभ्यास केला होता आणि संस्थेचे आभार मानले होते, एवढाच संस्थेचा संबंध. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या, हजारो हस्तलिखिते सांभाळणाऱ्या त्या वास्तूत कपाटे फुटली, पोथ्या विस्कटल्या. एखाद्या ग्रंथालयाने संशोधकाला पुस्तके वाचायला दिली म्हणून त्याने काय लिहिले याचा जाब त्या ग्रंथालयाला द्यावा लागणार असेल, तर उद्या कोणता ग्रंथपाल अनोळखी अभ्यासकापुढे पोथी ठेवील?

पुढे २८ डिसेंबर २००६ रोजी राज्य सरकारने कलम ९५ खाली ते पुस्तक सरकारजमा केले. या अधिसूचनेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले ते तिघे मुंबईकर : वकील संघराज रुपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि सामाजिक कार्यकर्त्या कुंदा प्रमिला नीळकंठ. लेखक आला नाही, प्रकाशक आला नाही. हे तिघे आले. २६ एप्रिल २००७ रोजी पूर्णपीठाने अधिसूचना रद्द केली. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी फेटाळले. कोणत्या दोन समाजांत या पुस्तकाने वैर निर्माण होणार, हे अधिसूचनेत सांगितलेच नव्हते.

दरवेळी न्यायालय सरकारच्या पक्षाविरुद्ध जाते असे नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने आर. व्ही. भसीन यांचे इस्लामवरचे एक इंग्रजी पुस्तक सरकारजमा केले. जानेवारी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुस्तक तपासले, धर्मावर टीका करण्याचा हक्क मान्य केला आणि तरी या पुस्तकाचा सूर द्वेष भडकवणारा आहे असे ठरवून बंदी कायम ठेवली. निकाल कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण तो सविस्तर छापलेला आहे, त्यातली कारणे कोणालाही वाचता येतात आणि त्यांवर वाद घालता येतो.

हरवलेली अधिसूचना

परदेशी पुस्तक अडवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सीमाशुल्क कायद्याखाली आयातबंदी. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’वर ५ ऑक्टोबर १९८८ ला झाली ती याच कायद्याने. छत्तीस वर्षे ग्रंथालये, दुकानदार, प्राध्यापक, सगळे तिला मान देत राहिले. एका वाचकाने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले तेव्हा कोणत्याच सरकारी खात्याला मूळ अधिसूचना सादर करता आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटले, की ती अस्तित्वातच नाही असे धरण्याखेरीज पर्याय नाही. काही आठवड्यांत ते पुस्तक दिल्लीतल्या दुकानात दिसू लागले. या पुस्तकाविषयी कोणाचे काहीही मत असो, इतकी वर्षे कोणी मूळ कागद दाखवा असे म्हटले नाही हे मला अस्वस्थ करते.

कागदाविना होणारी बंदी

सरकारने काहीच न करता पुस्तके जातात, आणि मराठी वाचकाला याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, लेखकाने माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली, आणि महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. सरकारी अधिसूचना निघाली नव्हती. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही मुंबईतच घडणारी कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून वर्षाच्या मध्यावर काढली गेली. तिच्यावरही बंदी नव्हती. पण अभ्यासक्रमातून गेलेले पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुढच्या वर्षी कोण मागवणार?

तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांना जानेवारी २०१५ मध्ये नामक्कलच्या अधिकाऱ्यांनी ‘शांतता बैठकी’ला बोलावले आणि तिथे कादंबरीबद्दल माफी व प्रती मागे घेण्याचे लिहून घेतले. २०१६ च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने त्या समझोत्याला काही बंधनकारक मोल नाही असे ठरवले. ज्याला पुस्तक आवडत नाही त्याने ते न वाचण्याचा पर्याय त्याच्यापाशी आहेच, असाही त्या निकालाचा आशय होता. हा निकाल मिळाला, कारण त्या बैठकीचा निदान एक सही केलेला कागद होता.

वाचनालयातून पुस्तक कसे जाते

कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, तो देशातला पहिला मानला जातो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. आज राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. बहुतेक सगळी स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार अनुदान देते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणजे एकटाच माणूस : कुलूप उघडणारा, झाडलोट करणारा, देवघेव सांभाळणारा, दाखल नोंदवही लिहिणारा. मानधन तुटपुंजे, तेही अनुदान येईल तेव्हा. गावातल्या एखाद्या वजनदार माणसाने येऊन ‘हे पुस्तक इथे कशाला?’ असे विचारले, तर त्याच्या पाठीशी कोण उभे असते?

म्हणून पुस्तक गुपचूप जाते. त्याच्या वाटा ग्रंथालयात काम केलेल्या कोणालाही माहीत असतात. पहिली आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे ते विकतच न घेणे. निवड समितीत कोणी तरी म्हणते, ‘नको ती कटकट’, आणि यादीतले नाव खोडले जाते. समितीने पैशाअभावी शंभर पुस्तके सोडून देणे आणि भीतीने एक सोडून देणे यांत फरक आहे, पण इतिवृत्तात दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. दुसरी वाट संदर्भ विभागाची. पुस्तकावर ‘संदर्भ’ असा शिक्का बसतो आणि ते कुलपाच्या कपाटात जाते. मागणाऱ्याला किल्ली असलेला माणूस कधी भेटत नाही. जिथे कपाटे बंद आहेत आणि चिठ्ठी देऊन पुस्तक मागायचे असते, तिथे ‘बाहेर गेले आहे’ एवढे उत्तर पुरते. कधी आक्षेप घेणाराच सभासद पुस्तक नेतो आणि परत आणत नाही, दंडही भरतो. आणि शेवटची वाट निर्लेखनाची. जीर्ण, फाटकी, कालबाह्य पुस्तके काढून टाकणे हे ग्रंथालयाचे आवश्यक काम आहे, पण त्या यादीत एखादे धडधाकट पुस्तक सरकवले तर ठराव करून, सह्या होऊन ते कायमचे जाते.

यातले काहीही करणारा ग्रंथपाल वाईट माणूस असतो असे मी म्हणणार नाही. तो एकटा असतो आणि त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. ‘माझ्या हातात काही नाही, संस्थेचे धोरण असे आहे’ असे सांगून त्या वजनदार माणसापुढे एक छापील पान ठेवता आले, तर त्याची निम्मी भीती जाईल.

शासनमान्य ग्रंथांच्या यादीबाबत एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ती यादी खरेदीसाठी आहे. तिच्यात नाव नसणे आणि पुस्तकावर बंदी असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने राजपत्रातली अधिसूचना दाखवावी.

डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये मांडले. त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाची बाजू घेतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाची. ग्रंथालयशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ते पाठ करतो. पुस्तकाचा वाचक आपल्याला आवडो न आवडो, ते त्याच्यापर्यंत पोचवायचे, हा त्या तिसऱ्या नियमाचा अर्थ परीक्षेनंतरही लक्षात राहायला हवा.

मजकूर न काढता आक्षेपाला जागा देता येते, याचे आपल्याच राज्यातले उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चे आहे. राज्य सरकारने १९८७ मध्ये ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड म्हणून छापले. राम आणि कृष्ण यांच्यावरील भागावरून वादळ उठले, तो भाग काढा अशी मागणी झाली, आणि त्याविरुद्ध १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर तो भाग राहिला. त्यातील मतांशी सरकार सहमत असेलच असे नाही, अशी टीप सोबत आली. बाबासाहेबांचा मजकूर वाचकाच्या हाती पूर्ण पोचतो आणि सरकारचे म्हणणेही पोचते.

अमेरिकेतली वहिवाट

ग्रंथालयाने आपले धोरण आधी लिहून ठेवावे ही पद्धत अमेरिकेत रुजली. डेस मॉइन्स शहराच्या ग्रंथालयाचे प्रमुख फॉरेस्ट स्पॉल्डिंग यांनी १९३८ मध्ये आपल्या ग्रंथालयासाठी हक्कांचे एक छोटे निवेदन तयार केले. लेखकाचा वंश, राष्ट्रीयत्व, मते पाहून पुस्तक नाकारायचे नाही आणि वादग्रस्त प्रश्नाच्या सगळ्या बाजू संग्रहात ठेवायच्या, असा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ते थोड्या फरकाने देशासाठी स्वीकारले.

त्याच १९३९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीच्या कारभाऱ्यांनी जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी काउंटीच्या ग्रंथालयांतून काढण्याचा ठराव केला. दुष्काळाने देशोधडीला लागलेले शेतकरी कॅलिफोर्नियात मजुरी शोधत येतात, त्यांची ती कहाणी, आणि ते मजूर येत होते ते याच भागात. ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी ठराव पाळला, कारण त्यांना तो पाळणे भाग होते. पण कारभाऱ्यांना पत्र लिहून, पुस्तकबंदीची सवय लागली की ती थांबत नाही हे बजावले आणि आपल्याकडच्या प्रती राज्यातल्या इतर ग्रंथालयांना वापरायला दिल्या. बंदी १९४१ च्या जानेवारीपर्यंत टिकली. नीफ यांचे पत्र अजून वाचले जाते.

तिथे आज सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याची लाट गेल्या काही वर्षांत पुन्हा आली आहे. १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळामंडळाविरुद्ध विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही असे मत न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडले होते. ते पीठ दुभंगलेले होते, आणि मे २०२५ मध्ये टेक्सासमधल्या लानो काउंटीच्या वाचकांचे असेच म्हणणे अपील न्यायालयाने फेटाळले. तरी तिथे पुस्तक काढताना निदान प्रश्न विचारता येतो, कारण बहुतेक ग्रंथालयांत लेखी धोरण आणि आक्षेपाचा छापील अर्ज असतो.

मुलांचे काय?

हा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तर टाळू नये. लहान मुलांच्या विभागात काय ठेवायचे, वयोगट कसे पाडायचे, हे ग्रंथपालाने ठरवलेच पाहिजे. आपल्या मुलाने काय वाचावे हे सांगण्याचा आईवडिलांना पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलाने आणि गावातल्या प्रौढांनी काय वाचावे हे ठरवण्याचा मात्र त्यांना हक्क नाही.

या बाबतीतला एक महत्त्वाचा निकाल एका मराठी कथेने मिळवून दिला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि उच्च न्यायालयात लेखकाला दंड झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. किशोरवयीन वाचकाच्या हाती पडेल या भीतीने सगळ्या साहित्याला त्याच मापाने मोजले, तर प्रौढांसाठी लिहिणेच थांबेल, असा त्या निकालाचा विचार आहे. दिवाळी अंकांची वर्गणी घेऊन महिनोन्महिने ते वाचायला देणाऱ्या आपल्या वाचनालयांना हा निकाल माहीत असावा.

देवघेवीची नोंद

कोणी काय वाचले याची नोंद प्रत्येक ग्रंथालयात असते, आणि ही गोष्ट आपण फार हलक्याने घेतो. उघड्या टेबलावरच्या नोंदवहीत शेजाऱ्याने काय नेले ते कोणालाही दिसते. घटस्फोटाच्या कायद्यावरचे, मानसिक आजारावरचे, लैंगिक शिक्षणावरचे पुस्तक न्यायला आलेली मुलगी ती वही पाहून परत जाते. तिच्यापुरती बंदी तिथेच झाली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. वाचनाची यादी माणसाच्या मनाच्या इतकी जवळची असते, की तिला हे संरक्षण मिळायलाच हवे असे मला वाटते. पुस्तक परत आले की नाव आणि पुस्तक यांचा संबंध पुसता येईल अशी नोंदपद्धत ठेवणे संगणकावर अवघड नाही. पोलिसांनी विचारणा केली तर ती लेखी घ्यावी, कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे आणि कार्यकारी मंडळाला कळवावे. ग्रंथपालाने एकट्याने तोंडी माहिती देऊ नये. केवळ एखादे साहित्य जवळ बाळगल्याने दहशतवादाचा गुन्हा सिद्ध होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका जामीन प्रकरणात म्हटले आहे, तेही ग्रंथालयांनी ध्यानात ठेवावे.

आक्षेप आला तर

आक्षेप घेणे हाही वाचकाचा हक्क आहे. त्याला हाकलून देऊ नये, बसवावे, चहा द्यावा आणि कोरा अर्ज पुढे ठेवावा. पुस्तकाचे नाव काय, ते पूर्ण वाचले का, कोणत्या पानावर हरकत आहे, का आहे, ग्रंथालयाने काय करावे असे वाटते, एवढेच त्यात विचारावे. पुष्कळ आक्षेप दुसऱ्या प्रश्नापाशीच थांबतात, आणि जे थांबत नाहीत ते विचार करण्याजोगे असतात.

मग दोन-तीन जणांच्या समितीने पुस्तक मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि ठरावीक मुदतीत कारणासह लेखी उत्तर द्यावे. तोवर पुस्तक कपाटातच राहिले पाहिजे. हा मुद्दा सोडला तर बाकी पद्धतीला अर्थ उरत नाही, कारण ‘निर्णय होईपर्यंत’ बाजूला काढलेले पुस्तक परत ठेवायची आठवण सहसा कोणाला होत नाही. समितीला आक्षेप पटला तर उपाय अनेक आहेत. पुस्तक दुसऱ्या विभागात हलवावे, त्याच विषयावरचे विरुद्ध बाजूचे पुस्तक आणावे, किंवा खरोखरच चुकीची, कालबाह्य वैद्यकीय माहिती असेल तर ते काढावे. जे करायचे ते इतिवृत्तात लिहावे.

जमाव आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा वाद घालू नये, पोलिसांना कळवावे आणि माणसांचा जीव आधी सांभाळावा. पण जमावाची भीती हे पुस्तक काढण्याचे कायदेशीर कारण होत नाही. एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, की विरोधकांना आवरता येत नाही ही सबब सरकार पुढे करू शकत नाही. अभिव्यक्तीला संरक्षण देणे हे त्याचे काम आहे. ग्रंथपालाने पोलिसांकडे संरक्षणाचा लेखी अर्ज देताना या निकालाचा उल्लेख करावा.

ज्यांना छापील अक्षर दिसत नाही

वाचण्याचा हक्क बंदीपुरता नाही. अंध वाचकाला बाजारातले जवळजवळ प्रत्येक पुस्तक बंदच असते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अशा वाचकांसाठी ब्रेल, ध्वनी किंवा संगणकावर वाचता येईल अशा रूपात पुस्तक तयार करण्याची मुभा मिळाली. याच कामासाठी झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या वाचनालयात एकही ध्वनिपुस्तक नसेल तर त्याला कोणाचा विरोध आडवा आलेला नसतो. ते मागवायचे कोणाच्या मनात आलेले नसते, एवढेच.

सभासदाच्या हातात काय आहे

महाराष्ट्रातली सार्वजनिक ग्रंथालये बहुतेक नोंदणीकृत संस्था आहेत. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, हिशेब मांडले जातात, कोरमअभावी ती अनेकदा अर्ध्या तासाने पुन्हा भरते. त्या सभेला जाऊन सभासदाने ग्रंथनिवडीचे लेखी धोरण मागावे. नसेल तर दोन पानांचे धोरण करण्याचा ठराव मांडावा. त्यात निवड कोण करतो, आक्षेप कसा ऐकला जातो, निर्लेखनाची यादी सभासदांना किती दिवस आधी दाखवली जाते आणि देवघेवीची नोंद कोण पाहू शकतो, एवढे आले तरी पुरे. निर्लेखनाची यादी सूचनाफलकावर लावण्याची अट त्यात जरूर घालावी.

आणि मागणी नोंदवावी. वाचनालयात ‘वाचकांच्या सूचना’ अशी एक वही असते, ती बहुधा कोरी असते. जे पुस्तक हवे त्याचे नाव, लेखक, प्रकाशक, तारीख आणि आपली सही तिच्यात लिहावी. उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात त्याच्याखाली पुन्हा लिहावे आणि समितीला विचारावे, की पुस्तक घेता येत नसेल तर त्याचे कारण याच वहीत लिहून द्या.